उजवा खांदा आणि पाच चेहरे

मार्गशीर्ष अर्धा सरला की बिबवेवाडीत सकाळची हवा कोरडी होते. दोरीवरची साडी वाळून कडक होते, ओठ फुटतात, पिंपातलं पाणी घेताना बोटं आखडतात. लोक स्वेटर काढतात. मी ओट्यावरच्या फळीवरून परात काढते. जाड बुडाची, पितळेची, कडेला एक पोचा आलेली. आज सकाळी ती काढली, चिंचेनं घासली आणि पालथी घालून ठेवली. तिच्यावरून पाणी निथळत होतं आणि मला गेल्या वर्षीचा हिवाळा आठवत होता. म्हणून ही वही घेऊन बसले आहे. वही कोणी वाचत नाही. तरी लिहिताना मी दार लोटून घेते.

मी संक्रांतीचा हलवा करते. लग्न होऊन इथं आले तेव्हा शेजारच्या बाई करायच्या, त्यांच्या हाताकडे बघून शिकले. परात मंद आचेवर ठेवायची, तिच्यात तीळ नाहीतर साबुदाणा घ्यायचा, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. ओला दाणा कोरडा झाला की पुन्हा चमचाभर. दोन-तीन दिवस असंच. थंडी कोरडी असली आणि हात थांबला नाही, तर दाण्याला बारीक काटा फुटतो. हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात. घाई केली की साखरेचं पीठ होतं. काट्याला फसवता येत नाही, तो हात बघतो.

या हलव्याचे दागिने करायचे. हार, बाजूबंद, बिंदी, बांगड्या. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवून ते घालतात. माझे दागिने मंडईजवळच्या एका दुकानात जातात. किती सुनांच्या गळ्यात माझा हलवा पडला असेल, त्यातली एकही मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी मात्र सून माझीच होती. वैशाखात निखिलचं लग्न झालं आणि ऋतुजा घरात आली. कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, सतत बोलणारी. माझ्यासारख्या गप्प बाईला आधी तिची भीतीच वाटायची. मनाशी मी एकच ठरवलं होतं. हिच्या पहिल्या संक्रांतीला डोक्यापासून पायापर्यंत दागिने माझ्या हातचे. बोलून जे जमणार नाही ते हातानं सांगायचं.

आणि दिवाळीत माझा उजवा खांदा आखडला.

आधी वाटलं, फराळाच्या कामानं असेल. मग वेणी घालता येईना. फळीवरचा डबा काढता येईना. बसमध्ये वरच्या दांडीला हात पुरेना. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा धरून बघितला, फोटो काढला, मोडलेलं-बिघडलेलं काही नाही म्हणाले, व्यायाम सांगितला आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोटात आग पडायची. ऋतुजा म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसातल्या एकीच्या आईला अ‍ॅक्युपंक्चरनं फरक पडला. जाऊन बघू या का? आणि हलव्याचं टेन्शन घेऊ नका हो, दागिने बाहेर मस्त मिळतात."

ती चांगल्या मनानं म्हणाली. पण ते "बाहेर मस्त मिळतात" माझ्या कानात दोन दिवस वाजत राहिलं. बाहेर मिळतात ते कोण करतं, हे तिला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

दवाखाना स्वारगेटजवळ, पहिल्या मजल्यावर. खाली बॅटऱ्यांचं दुकान. जिना चढताना खालून गाड्यांचा आवाज, वर गेलं की कापराचा वास. आत पडदे लावून केलेले चार कोपरे, प्रत्येकात एक पलंग. डॉक्टर बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, बारीक चणीच्या. पहिल्या दिवशी ऋतुजा सोबत होती, तिनंच सगळं सांगितलं. मी मान हलवत होते.

सुया इंजेक्शनच्या असतील असं धरून मी गेले होते. त्या केसासारख्या निघाल्या. आत जाताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथं जडपणा येतो आणि तो हळूहळू पसरतो. डॉक्टर सुई दोन बोटांत धरून अगदी हलकेच फिरवायच्या. मी तिरक्या नजरेनं ती बोटं बघत राहिले. मनात आलं, ही बाई हलवा छान करेल.

सुया लावल्या की वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडायचं. डॉक्टर दुसऱ्या पडद्याआड जायच्या. उशाशी एक घंटी ठेवलेली असायची. "काकू, काही वाटलं तर वाजवा हं." मी "हो" म्हणायचे. ती घंटी मी कधी वाजवली नाही. खांदा उघडा, डिसेंबरची थंडी, डोक्यावर पंखा. अंगावर शहारे यायचे आणि शहारा आला की सुईच्या जागी कळ उठायची. मी छताकडे बघत, मनात आकडे म्हणत पडून राहायचे.

पलीकडच्या पडद्याआड लेलेकाका असायचे. पेठेत राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, कंबरेसाठी यायचे. ते घंटी वाजवायचे नाहीत, सरळ बोलायचे.

"डॉक्टर, आपण मला साडेदहाची वेळ दिली होती. आपलं घड्याळ अकरा दाखवतंय. एकदा दोघांची गाठ घालून द्या."

"सॉरी काका, आधीच्या पेशंटला वेळ लागला."

"लागू दे. आणि हे जे कुरकुरतंय ते पंखा आहे की माझी हाडं, तेवढं सांगा. पंखा असेल तर इलाज होईल."

पडद्याआड मला हसू यायचं. हसलं की खांदा दुखायचा. पण वाटायचं, काय हे बोलणं! त्या बिचाऱ्या एवढ्या मन लावून करतात.

निघताना एक कागद भरायचा असे. त्यावर चार-पाच प्रश्न. वेळेवर घेतलं का, नीट समजावलं का, सुया लावताना त्रास झाला का, दुखण्यात फरक वाटतो का, एकूण समाधान किती. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे काढलेले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर खूण करायची. खाली दोन ओळी कोऱ्या, सूचना लिहायला. मी चौथी शिकलेली, कागद पुढे आला की माझे तळवे ओले होतात. पण हा कागद मला फार सोपा वाटला. सगळीकडे पाचवा चेहरा. हसरा, हसरा, हसरा. कोऱ्या ओळी कोऱ्याच.

मी खोटं लिहीत होते असं मला तेव्हा वाटलंच नाही. कोणाच्या घरी जेवायला गेलो आणि यजमानीण वाढता वाढता म्हणाली, "भाजी कशी झालीय?" तर काय म्हणतात? छान झालीय म्हणतात. भाजी तिखटजाळ असली तरी पाणी पिऊन म्हणतात. हा कागद मी तसाच धरला. डॉक्टर गोड बोलतात, रिसेप्शनवरची मुलगी पाणी देते, मग दुखण्याच्या प्रश्नापुढे रडका चेहरा कसा काढायचा? तो त्यांच्या तोंडावर मारल्यासारखा नाही का होणार?

लेलेकाका मात्र कागद उलटा करून मागेसुद्धा लिहायचे. मी बघत होते ते त्यांना दिसलं. म्हणाले, "मागची बाजू कोरी ठेवून कागद वाया कशाला घालवायचा?" पुढच्या खेपेला पंखा कुरकुरायचा थांबला होता. काका आत येऊन वर बघून म्हणाले, "वा. पंखा बरा झाला. आता मी तेवढा उरलो."

कागदावर लिहिलेलं कोणीतरी वाचतं, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सहाव्या खेपेनंतर डॉक्टरांनी माझे सहा कागद एकत्र लावून बघितले. त्यांचा चेहरा उजळला. "काकू, फारच छान! तुम्हाला तर पहिल्यापासूनच फरक आहे. मग आता दर आठवड्याला यायची गरज नाही. महिन्यानं एकदा दाखवा."

मी म्हणाले, "बरं."

बाहेर आले. स्वारगेटला बस भरलेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दांडी धरा, दांडी." उजवा हात कानाच्या खालीच अडला. डाव्या हातात पिशवी. बस वळली तशी मी एका कॉलेजच्या मुलीच्या अंगावर गेले. "इट्स ओके आँटी," ती म्हणाली. मला रडूच आलं. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. परात फळीवर होती आणि माझा हात त्या फळीपर्यंत जात नव्हता. आणि माझ्याच हातानं सहा वेळा लिहून दिलं होतं की जातो.

संध्याकाळी ऋतुजानं मला डाव्या हातानं केस विंचरताना पाहिलं. फणी काढून घेऊन तीच वेणी घालायला लागली.

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"महिन्यानं या म्हणाल्या. बरं वाटतंय म्हणून."

"कोणाला बरं वाटतंय?"

मी कागदाचं सगळं सांगितलं, चेहऱ्यांचंसुद्धा. वेणी घालता घालता तिचे हात थांबले.

"आई, अहो, ते तुमच्या खांद्याबद्दल विचारत होते. त्यांच्या पाहुणचाराबद्दल नाही."

"वाईट कसं लिहायचं गं?"

"मग माझ्या आमटीला रोज छान म्हणता तेही असंच का?"

तिनं मला खांद्याला न दुखवता आपल्याकडे वळवलं. "आई, खरं सांगा."

"मीठ जास्त असतं."

"कधीकधी?"

"रोज."

ती एवढी हसली की फणी खाली पडली. मग म्हणाली, "आठ महिने! आठ महिने तुम्ही दोन-दोन वाट्या प्यायलात?" तिला राग आला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला तरी छान नाही म्हणाले आणि छत कोसळलं नाही, हे मला त्या दिवशी नवीन होतं.

चौथीत आमच्या गुरुजींनी फळ्यावर भागाकार शिकवला होता. शिकवून झाल्यावर विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग म्हणाला, "हो, गुरुजी." मीही म्हणाले. मला काहीच समजलं नव्हतं. वाटलं, उद्या विचारू. पुढचं वर्ष आलं तेव्हा पाठच्या भावंडांना सांभाळायला मी घरी राहिले आणि विचारायचं राहून गेलं. भागाकार मला आजही येत नाही. एका "हो"नं एवढं होतं. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी विचारलं होतं की.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता एकटीच निघाले. अपॉइंटमेंट नव्हती. बसमध्ये वाक्य घोकत होते, विसरले, परत घोकलं. जिना चढतानाही घोकलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काकू, तुमची तर पुढच्या महिन्यात आहे ना?" मी म्हणाले, "थांबते." दीड तास थांबले. लेलेकाका आत जाताना म्हणाले, "आज आपण विनावेळ? माझ्या पंगतीत आलात म्हणायचं."

डॉक्टर मोकळ्या झाल्यावर मी आत गेले आणि घोकलेलं सगळं विसरून म्हणाले, "बाई, मी कागदावर लिहिलं ते खरं नाही. माझा हात वर जात नाही. थंडी वाजते. कोपराजवळची एक सुई फार दुखते. आणि मला संक्रांतीला हलवा करायचाय."

एवढं सलग मी बहुतेक लग्नातल्या उखाण्यातही बोलले नव्हते.

डॉक्टरांनी माझे सहा कागद पुन्हा काढून बघितले. मला वाटलं, दुखावल्या. मग त्या म्हणाल्या, "कागदावर हसरे चेहरे दिसले म्हणून मी तुमचा हात वर करून बघितलाच नाही. ती माझीही चूक झाली." त्यांनी मला भिंतीजवळ उभं केलं. "बोटांनी भिंतीवर चढा. दुखलं की थांबा. माझ्यासाठी आणखी वर नेऊ नका." बोटं जिथं थांबली तिथं त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली. रेघ माझ्या हनुवटीच्या बरोबरीची होती. एवढ्याशा रेघेकडे बघून मला बरं वाटलं, ते कसं सांगू? दुखणं तेवढंच होतं. पण आता ते भिंतीवर होतं, माझ्या एकटीच्या आत नव्हतं.

त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. कोपराजवळची सुई बदलली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता का, असं त्यांनी विचारलं. मी सवयीनं "हो" म्हणणार होते, "नाही" म्हणाले. मग त्यांनी तो समोर करून घेतला. आणि एक वही आणायला सांगितली. "रोज दोन ओळी लिहा, काकू. काय दुखलं, काय जमलं. मला काय आवडेल ते लिहायचं नाही, हाताला विचारून लिहायचं."

ती हीच वही. पहिल्या पानावर लिहिलंय, "आज वेणी जमली नाही. डबा जमला नाही. लिहिताना हात दुखतो." अक्षर वाकडंतिकडं, किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलंच नव्हतं. दोनाच्या चार ओळी कधी झाल्या, चाराचं पान कधी झालं, कळलं नाही. खांद्याबद्दल लिहिता लिहिता गुरुजी आले, आमटी आली.

हलवा केला. परात ऋतुजानं काढून दिली. ओट्यावर हात उंच धरावा लागतो म्हणून शेगडी खाली जमिनीवर घेतली आणि मी पाटावर बसून फिरवायला लागले. दहा मिनिटांत कळ यायची. मग ऋतुजा बसायची. ऑफिसचा फोन कानाला लावून ती परातीत बोटं फिरवायची आणि मध्येच ओरडायची, "आई, भाजलं!" तिचे दाणे गुळगुळीत होत होते, औषधाच्या गोळ्यांसारखे. "याला काटा का येत नाही?" म्हणून ती रुसायची. "हात थांबतो तुझा," मी सांगायचे. "फोनवर हो-हो म्हणतेस तेव्हा थांबतो." हे मी बोलले याचं माझं मलाच नवल वाटलं.

सगळे दागिने माझ्या हातचे झाले नाहीत. हार आणि बिंदी तेवढी माझी. बांगड्या आणि बाजूबंद गुळगुळीत, तिचेच. संक्रांतीला काळ्या साडीवर ते दोन्ही दिसत होते आणि बघणाऱ्या बायका विचारत होत्या, "हे असे दोन तऱ्हेचे का?" ऋतुजा म्हणाली, "काटा आलेले आईंचे. ज्यांना अक्कल नाही ते माझे." मी ठरवलं होतं तसं झालं नाही. पण मी ठरवलं होतं त्यात ती नुसती उभी राहणार होती, दागिने घालून घ्यायला. त्यात ती माझ्या शेजारी पाटावर नव्हती.

पेन्सिलच्या रेघा त्या भिंतीवर एकावर एक चढत गेल्या. हनुवटी, ओठ, नाक. फाल्गुनात कपाळ. सगळ्यांत जास्त वेळ नाकापाशी लागला, पाच खेपा एकाच रेघेवर. असा खांदा काही जणांचा आपणहूनही हळूहळू सुटतो, असं डॉक्टरच म्हणाल्या. त्यामुळे सुयांनी किती सुटला, व्यायामानं किती आणि दिवसांनी किती, हे मला सांगता येणार नाही. त्यांनीही ठामपणे सांगितलं नाही, ते मला आवडलं. पण समाधान किती, असं कोणी विचारलं तर सांगता येईल. मी जेव्हा "दुखतं" म्हणाले तेव्हा समोरच्या बाईनं सुई काढली आणि दुसरीकडे लावली. तेवढं समाधान.

संक्रांतीच्या आधीच्या खेपेला मी कागदाच्या खालच्या कोऱ्या दोन ओळी पहिल्यांदा भरल्या होत्या. "सुया लावल्यावर पंखा बंद करावा. अंगावर पांघरूण द्यावं. पडून राहिल्यावर थंडी वाजते." लिहून कागद पालथा घालून दिला आणि जवळजवळ पळतच जिना उतरले. चार दिवसांनी गेले तर प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी घडी करून एक-एक शाल ठेवलेली. पलीकडून लेलेकाकांचा आवाज आला, "डॉक्टर, ही शाल आहे, श्रीफळ कुठंय?" त्या दिवशी मी पडद्याआड मोठ्यानं हसले. काका म्हणाले, "आपण बोलता होय?"

आता महिन्यातून एकदा जाते. काल गेले होते. बाकावर शेजारी एक नवी बाई, गुडघ्याला सुया लावून आलेली, उठताना तोंड वेडंवाकडं झालेलं. मांडीवर तोच कागद. तिनं पेन उचललं आणि पाचव्या चेहऱ्यावर खूण केली. खालच्या प्रश्नालाही पाचव्यावर. मी कोणाशी आपणहून बोलत नाही. मान खाली घालून माझा कागद भरत होते. तिसऱ्या प्रश्नाला तिचं पेन पुन्हा पाचव्याकडे गेलं तेव्हा मला राहवेना.

"ताई, गुडघा दुखतोय ना?"

ती दचकली. "हो, पण डॉक्टर फार चांगल्या आहेत हो."

"आहेतच. म्हणून तर लिहा."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. खूण केलेल्या चेहऱ्यावर तिनं काट मारली आणि दुसऱ्या चेहऱ्यापाशी पेन थांबवलं. पुढे काय केलं ते मी बघितलं नाही. माझं नाव पुकारलं होतं.

भिंतीवर सगळ्यांत वरची रेघ आता माझ्या डोक्याच्या वर आहे. डावा हात त्याहून दोन बोटं वर जातो. कागदावर मी चौथ्या चेहऱ्यावर खूण केली आणि खाली लिहिलं, "अजून दोन बोटं कमी. फळीवरची परात स्वतः काढता येते. पाठीमागे गाठ बांधता येत नाही."

परात आता वाळली असेल. ऋतुजा रविवारी घरी आहे, पाक तेव्हा चढवायचा. या वर्षी तिच्या दाण्याला काटा आला नाही, तर मी छान म्हणणार नाही.